कॅपिटॉल बांधणाऱ्या गुलामांची नावं सांगायला हवीत

पोटोमॅककाठी

उन्हाळा आला की आमच्या भागातल्या मराठी घरांत भारतातून आईवडील, सासूसासरे, काका-काकू येतात आणि वॉशिंग्टन डीसीची एक चक्कर ठरलेली असते. कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची इमारत, आतून पाहायचं, व्हाइट हाउससमोर फोटो काढायचा, लिंकनच्या पायऱ्यांवर थोडं टेकायचं. या चक्करीत एक दगड बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्या दगडाविषयी आणि तो ज्यांनी काढला त्यांच्याविषयी हा धागा.

कॅपिटॉलच्या पूर्वेला जमिनीखाली व्हिजिटर सेंटर आहे. त्यातलं मुख्य दालन म्हणजे इमॅन्सिपेशन हॉल. तिथे वालुकाश्माचा एक खडबडीत चिरा ठेवला आहे. २८ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याचं अनावरण झालं. हा चिरा कॅपिटॉलच्या जुन्या पूर्वेकडच्या दर्शनी बाजूचा, १८२४ ते १८२६ मधल्या बांधकामातला आहे. तो खाणीतून काढणाऱ्या मजुरांत गुलाम आफ्रिकन अमेरिकनही होते आणि त्यांच्या कामाची आठवण म्हणून तो इथे ठेवला आहे, असं फलक सांगतो. त्याआधी २०१० मध्ये इमारतीच्या जुन्या भिंतींजवळ याच आशयाचे दोन फलक लागले होते.

आता मागची गोष्ट. १७९० मध्ये राजधानी पोटोमॅकच्या काठावर वसवायचं ठरलं आणि १८०० पर्यंत सरकार तिथे न्यायचं होतं. हाताशी दहा वर्षं, आणि जागा म्हणजे शेतं, झाडी, दलदल. कसबी माणसं मिळेनात. स्कॉटलंडहून पाथरवट आणायचे प्रयत्न झाले, काही आलेही, पण जंगल तोडणं, पाया खणणं, विटा भाजणं, ओंडके कापणं याला माणसं कुठून आणणार? आजूबाजूला मेरिलंड आणि व्हर्जिनियाचे मळे होते. तंबाखूने जमीन थकली होती, बरेच मळेवाले गव्हाकडे वळले होते, आणि गव्हाला तंबाखूइतके हात लागत नाहीत. म्हणून मालक गुलामांना भाड्याने देऊ लागले.

१७९२ मध्ये राजधानीचं काम पाहणाऱ्या आयुक्तांनी ठराव केला: काळे मजूर वर्षाच्या बोलीवर घ्यावेत, कपडे आणि एक घोंगडी मालकाने द्यावी, जेवण आयुक्तांनी द्यावं, आणि वर्षाला २१ पौंड मजुरी. ही मजुरी मालकाच्या हातात. राबणाऱ्याच्या वाट्याला जेवण आणि घोंगडी.

हे सगळं आपल्याला कळतं ते पगारपत्रकांमुळे. सरकारी खर्च म्हटला की पावती आली. त्या पावत्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मजुराचं पहिलं नाव, मालकाचं नाव, महिना, रक्कम, आणि पैसे मिळाल्याची मालकाची किंवा त्याच्या माणसाची सही. २००० च्या सुमारास एड हॉटालिंग या टीव्ही पत्रकाराने या पावत्या लोकांसमोर आणल्या, मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अभ्यासगट नेमला आणि कॅपिटॉलचे इतिहासकार विल्यम ॲलन यांनी २००५ मध्ये अहवाल दिला. १७९५ ते १८०१ या काळातल्या, गुलामांच्या भाड्यापोटी केलेल्या ३८५ नोंदी त्यांना मिळाल्या. व्हाइट हाउसच्या सुतारांच्या यादीत पीटर, बेन, हॅरी, डॅनियल अशी नावं आहेत. त्यांतले तिघे वास्तुकार जेम्स होबनच्याच मालकीचे.

आणि फिलिप रीड. कॅपिटॉलच्या घुमटावर ब्राँझचा स्वातंत्र्याचा पुतळा आहे, साडेएकोणीस फूट उंच. मूळ प्लास्टरची प्रतिकृती थॉमस क्रॉफर्डने रोममध्ये घडवली. ती तुकड्यांनी वॉशिंग्टनला आली आणि एका इटालियन कारागिराने जोडून उभी केली. ओतकामासाठी ती पुन्हा सुटी करायची वेळ आली तेव्हा, सांधे कुठे आहेत ते मला माहीत आहेत, जास्त पैसे द्या, असं तो म्हणू लागला. ओतशाळा क्लार्क मिल्सची. त्याचा गुलाम फिलिप रीड याने तोडगा काढला. पुतळ्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कडीला दोर बांधला, कप्पीने हलके हलके वर ओढला. ताण वाढला तशी सांध्याच्या जागी केसासारखी रेघ उमटली. मग पुढचा सांधा, मग त्याच्या पुढचा.

ओतकाम सुरू असताना साच्यांखालचा जाळ सांभाळायला तो रविवारीही राबला. आठवड्याचे सहा दिवस त्याच्या कष्टाचे पैसे मिल्सला मिळत. रविवारचे मात्र त्याचे. दिवसाला सव्वा डॉलर, ३३ रविवार, एकूण ४१ डॉलर २५ सेंट. पावतीवर सही म्हणून फुली आहे. १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने वॉशिंग्टनमधले गुलाम मुक्त झाले तेव्हा तोही मुक्त झाला. नुकसानभरपाई मात्र मालकांना मिळाली. त्यासाठी केलेल्या अर्जात मिल्सने त्याचं वर्णन केलं आहे: वय ४२, बुटका, प्रकृती चांगली, दिसायला काही खास नाही, पण बुद्धीने तल्लख, ओतशाळेतला चांगला कारागीर. २ डिसेंबर १८६३ रोजी पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला तेव्हा रीड स्वतंत्र माणूस होता.

माझं म्हणणं एवढंच की स्मारक करायचं तर माणसांच्या नावांनी करावं. 'मजूर' असा एकच शब्द लिहून ऋण फिटत नाही, कारण इथे नावं हाताशी आहेत. सरकारनेच ती लिहून ठेवली होती, पैसे दुसऱ्याला द्यायचे म्हणून का होईना. चिऱ्याशेजारी ती नावं असती तर पाहणारा थांबला असता. तोवर निदान आपण, पाहुण्यांना तिथे नेणाऱ्यांनी, ती सांगावीत. तुम्हाला काय वाटतं?

जुना वाचक

फार चांगला धागा. कॅपिटॉल पाहून आलो आहे, पण त्या चिऱ्यापाशी कोणी थांबवलं नाही. पुतळ्याविषयी एक भर घालतो. क्रॉफर्डच्या आधीच्या आराखड्यात पुतळ्याच्या डोक्यावर एक टोपी होती, प्राचीन रोममध्ये मुक्त झालेल्या गुलामाला घालत तसली. बांधकाम तेव्हा युद्धमंत्री जेफरसन डेव्हिसच्या अखत्यारीत होतं. तो स्वतः मळेवाला आणि गुलामांचा मालक. त्याने आक्षेप घेतला की जन्मतः स्वतंत्र असलेल्या लोकांना हे चिन्ह शोभत नाही. म्हणून आज तिथे गरुडाचं डोकं आणि पिसं असलेलं शिरस्त्राण दिसतं. हाच डेव्हिस पुढे गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष झाला. टोपी त्याने काढवली, पण त्या पुतळ्याचे सांधे उकलणारा माणूस गुलामच निघाला.

वैदर्भीय

धागा माहितीपूर्ण आहे, पण मला एक शंका आहे. सव्वादोनशे वर्षांनी एक चिरा मांडून काय साधतं? त्या काळी जगभर हेच चालायचं. ताजमहाल बांधणाऱ्या हजारोंची नावं कोणाला ठाऊक आहेत? आपल्याकडे गड बांधले, घाट फोडले, तिथे वेठ नव्हती का? आजच्या नीतीने कालच्या माणसांना तोलणं मला पटत नाही.

पोटोमॅककाठी

वैदर्भीय, शंका रास्त आहे आणि पुष्कळांच्या मनात असते.

आजची नीती त्या काळावर लादतोय असं मला वाटत नाही, कारण हा वाद त्या काळातलाच आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला होता. खुद्द वॉशिंग्टन अध्यक्ष म्हणून फिलाडेल्फियात राहत, तेव्हा त्या कायद्याने आपले गुलाम मुक्त होऊ नयेत म्हणून त्यांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर पाठवून परत आणत. त्यांतली ओना जज १७९६ मध्ये त्यांच्या घरातून पळाली आणि परत गेली नाही. चूक काय ते त्यांना कळत होतं, पळणारीला तर फारच नीट कळत होतं. त्या घराच्या जागी २०१० मध्ये स्मारक झालं, तेव्हा तिथे राहिलेल्या नऊही गुलामांची नावं दगडात कोरली. कॅपिटॉलला असं काही हवं, असं मी म्हणतो ते यामुळेच.

वेठीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ती होती म्हणूनच आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमात वेठबिगारीला मनाई लिहावी लागली. तिच्या नोंदी कोणी काढल्या तर तो धागा मी सगळ्यांत आधी वाचीन. पण एका ठिकाणची नावं हरवली म्हणून दुसऱ्या ठिकाणची सापडलेली नावं पुन्हा झाकून ठेवायची, हे मला जमणार नाही.

चिरेबंदी

बांधकाम हा माझा व्यवसाय, त्यामुळे दगडाबद्दल लिहितो. हा वालुकाश्म व्हर्जिनियातल्या अक्वाया क्रीकचा. १७९१ मध्ये राजधानीचा आराखडा करणाऱ्या पिएर लांफांने सरकारसाठी तिथलं एक बेट विकत घेतलं, आज त्याला गव्हर्नमेंट आयलंड म्हणतात. निवडायची कारणं सरळ आहेत. खाण पाण्याला लागून, म्हणजे चिरा गाड्यावरून फार ओढायला नको, होडीत घातला की पोटोमॅकने थेट राजधानीला. आणि दगड मऊ, कोरीव कामाला सोपा. दोष असा की तो पाणी पितो. हिवाळ्यात आत मुरलेलं पाणी गोठलं की पापुद्रे सुटतात. म्हणूनच व्हाइट हाउसला १७९८ मध्ये चुन्याचा हात दिला आणि ती इमारत पांढरी झाली.

ते बेट आता सार्वजनिक उद्यान आहे. झाडीतून पायवाट जाते आणि बाजूला उभ्या कापलेल्या भिंती दिसतात. त्यांच्यावर हत्याराच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट आहेत, एकाखाली एक, साधारण एकाच कलाने. मी बोट फिरवून पाहिलं. यंत्र नसताना चिरा सोडवायचा तर आधी मागच्या बाजूने माणूस उभा राहील एवढी चर हाताने खणावी लागते, मग खालून पाचरी ठोकायच्या. उन्हाळ्यात त्या दमट हवेत, डास आणि ताप असताना. धाग्यातला '२१ पौंड' हा आकडा मला तिथे उभं राहिल्यावर जास्त टोचला.

केतकी_न

आर्बोरेटममधले, म्हणजे वृक्षोद्यानातले, खांब कोणी पाहिलेत का? डीसीच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये मोकळ्या हिरवळीवर २२ उंच खांब नुसतेच उभे आहेत, वर छप्पर नाही. ते कॅपिटॉलच्या त्याच पूर्वेकडच्या बाजूचे. पन्नासच्या दशकाअखेरीस ती बाजू वाढवली तेव्हा काढले गेले. आपल्याकडची कितीतरी लग्नाआधीची फोटोसेशन तिथे होतात, माझ्या बहिणीचंही झालं. हा धागा वाचून तिला फोन केला. ती म्हणाली, खांब कोणी घडवले याबद्दल तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. हे तिथे ठळक सांगायला हवं, असं आम्हा दोघींनाही वाटतं.

शार्लट्सव्हिलकर

नावांचा मुद्दा निघालाच आहे तर व्हर्जिनिया विद्यापीठाचं स्मारक सांगितलंच पाहिजे. माझ्या मते अमेरिकेत या विषयावरचं हे सर्वांत विचारपूर्वक केलेलं काम.

थॉमस जेफरसनने हे विद्यापीठ १८१९ मध्ये स्थापलं. विटा भाजण्यापासून स्वयंपाकापर्यंत सगळं गुलामांनी केलं. १८१७ ते १८६५ या काळात सुमारे ४,००० गुलामांनी इथे काम केलं असा अंदाज आहे. २००७ मध्ये विद्यापीठाने रोटुंडा या घुमटाच्या मुख्य इमारतीजवळ फरसबंदीत एक पाटी बसवली, जेफरसनचा आराखडा साकारणाऱ्या स्वतंत्र आणि गुलाम अशा कष्टकऱ्यांच्या सन्मानार्थ. पाटी पायाखाली! लोक तिच्यावरून चालत जात. विद्यार्थ्यांना ते पटलं नाही, २०१० पासून त्यांनी खऱ्या स्मारकासाठी पाठपुरावा सुरू केला. पुढे त्या गुलामांच्या वंशजांनाही आराखड्याच्या चर्चेत घेतलं. २०२० मध्ये स्मारक उभं राहिलं.

काळसर ग्रॅनाइटचं, एका बाजूने उघडं असलेलं कडं, ८० फूट व्यासाचं. आतल्या वर्तुळावरून पाणी वाहतं. भिंतीवर ४,००० आडव्या खाचा आहेत, माणशी एक. जिथे नाव मिळालं तिथे खाचेवर नाव कोरलं आहे. अशी पाचशेहून अधिक. जिथे नाव नाही पण कागदात काम किंवा नातं सापडलं, तिथे तेवढंच: स्वयंपाकीण, गवंडी, आजी, मुलगी. आणि बाकी भिंतभर नुसत्या खाचा. पाऊस पडला की खाचांतून पाणी ओघळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नावं वाचत वाचत गेलो आणि एकदम नावं संपली, पुढे खाचाच खाचा. मला वाटतं, किती माणसं कागदावर आलीच नाहीत हे सांगायची इतकी प्रामाणिक रीत दुसरी नाही.

बाहेरच्या बाजूला दगडात दोन डोळे कोरले आहेत, उजेड तिरपा असला तरच दिसतात. ते इझाबेला गिबन्सचे. विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या घरी ती गुलाम होती, मुक्त झाल्यावर शिक्षिका झाली. एक वाट अशी आखली आहे की ३ मार्चच्या मावळत्या सूर्याशी तिची रेषा जुळते. १८६५ मध्ये त्या दिवशी यादवी युद्धातलं उत्तरेचं सैन्य गावात आलं.

टाकीचे घाव

मी वडार समाजातला. माझ्या आजोबांची पिढी दगडावरच जगली, रस्ते, पूल, विहिरी. आमच्या भागातल्या पुलावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव आहे, दगड फोडणाऱ्या एकाचंही नाही. आमची माणसं गुलाम नव्हती, मजुरी त्यांच्या हातात पडायची, कमी का असेना. म्हणून मी दोन्ही एका मापाने मोजत नाही. पण चिरेबंदी यांनी लिहिलेल्या त्या तिरप्या रेघा मला वाचताक्षणी दिसल्या. एका कलाने घाव पडतो तो सवयीच्या हाताचा. आजोबा सांगायचे, भिंत बघून कोणाची टाकी आहे ते त्यांना ओळखता यायचं. त्या बेटावरही एकमेकांचे घाव ओळखणारी माणसं असतीलच. ही माणसं 'बिनकसबी मजूर' म्हणून खपवली जाऊ नयेत.

शार्लट्सव्हिलकर, 'गवंडी', 'आजी' एवढंच कोरलंय हे वाचून बरं वाटलं. नाव नाही म्हणून जागाच नाही, असं झालं नाही.

रानवारा

महाराष्ट्राशी याचं एक खरं नातं आहे, ते इथे नोंदवते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छाही त्यात लिहिली. अमेरिकेत घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून फुल्यांना ते आपल्या घरचं वाटलं. शिवाय फुले स्वतः कंत्राटदार होते, पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला बांधकामाचं सामान पुरवत. कामावरचा मजूर कसा नाडला जातो ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून वैदर्भीय यांना सांगावंसं वाटतं, हा विषय आपल्याला परका नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच माणसाने तो इथल्या शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नाशी जोडून ठेवला आहे.

वैदर्भीय

रानवाराताई, अर्पणपत्रिका वाचली होती, पण असा संबंध जोडला नव्हता. माझा मूळ आक्षेप थोडा शिल्लक आहे: स्मारक झालं की सरकार मोकळं होतं, पुढे काही करावं लागत नाही. तरी नावांचं म्हणणं पटलं. खाचांच्या भिंतीचं तर फारच.

पोटोमॅककाठी, एक विचारायचं होतं. रीडला रविवारचे पैसे मिळाले म्हणता, पण रीडचं पुढे काय झालं?

पोटोमॅककाठी

मुक्त झाल्यावर त्याने आडनाव 'रीड'च ठेवलं, फक्त स्पेलिंग बदललं, आणि प्लास्टरकाम करून वॉशिंग्टनमध्येच संसार केला. त्याचे अवशेष आज मेरिलंडमधल्या एका दफनभूमीत आहेत आणि आता तिथे त्याच्या नावाचा फलक आहे. पुतळ्याची ती मूळ प्लास्टरची प्रतिकृतीही इमॅन्सिपेशन हॉलमध्येच उभी आहे, म्हणजे त्याने दोर कुठे बांधला ते मान वर करून पाहता येतं.

सरकार मोकळं होतं हे तुमचं म्हणणं खरं आहे. उलटही घडतं, तेही सांगतो. २०१६ मध्ये मिशेल ओबामा म्हणाल्या की गुलामांनी बांधलेल्या घरात मी रोज सकाळी उठते, तेव्हा कित्येकांनी ते खोटं ठरवायला पाहिलं. ॲलन यांचा अहवाल आणि पगारपत्रकं नसती तर तो वाद तोंडी राहिला असता. २०२१ मध्ये व्हाइट हाउस हिस्टॉरिकल असोसिएशनने समोरच्या लाफायेत चौकात माहितीफलक लावले, त्यांत व्हाइट हाउस बांधणाऱ्या गुलामांचा उल्लेख आहे. फोटो काढायला आपण जिथे उभे राहतो तिथून हाकेच्या अंतरावर.

आमच्या मंडळातर्फे दर उन्हाळ्यात ज्येष्ठांची डीसी सहल निघते आणि बसमध्ये एक मराठी माहितीपत्रक वाटतात. त्यात कॅपिटॉलची उंची आणि पायऱ्यांची सोय एवढंच आहे. मी दीड पानाचा मजकूर लिहायला घेतोय: चिरा, पीटर-बेन-हॅरी-डॅनियल, रीड, आणि आर्बोरेटमचे खांब. चिरेबंदी, खाणीचा भाग तुम्ही लिहाल का? केतकी, खांबांचा एक चांगला फोटो हवा आहे.

चिरेबंदी

लिहितो. रविवारपर्यंत पाठवतो. कागद मोठ्या टायपात छापा, ज्येष्ठांना बसमध्ये वाचता यायला हवा.

केतकी_न

फोटो देते. बहीण म्हणतेय तिच्या अल्बममधला चालणार असेल तर तोही घ्या, मागे खांब पूर्ण दिसतात.

टाकीचे घाव

छापून झालं की त्याची प्रत इथेही टाका. आमच्या गावच्या वाचनालयात लावतो.